आवळा, कोहळा आणि ससा

९ फेब्रुवारी २००६, गुरुवार. ईएसपीएन या अमेरिकन क्रीडा वाहिनीने जाहीर केलं, की आमचा समालोचक अल मायकल्स याला आम्ही करारातून मोकळं करतो आहोत. यापुढे तो एनबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीसाठी काम करेल. त्याच्या बदल्यात एनबीसी युनिव्हर्सलकडून आम्हाला काही गोष्टी मिळणार आहेत. गोल्फच्या पुढच्या चार रायडर कप स्पर्धांतल्या शुक्रवारच्या खेळाचे केबल हक्क. ऑलिंपिकची क्षणचित्रं आजवरच्यापेक्षा जास्त दाखवायची मुभा. आणखी काही स्पर्धांची क्षणचित्रं. एनबीसीच्या रविवार रात्रीच्या फुटबॉलमध्ये आमच्या सोमवारच्या सामन्याची जाहिरात. आणि एक ससा.

ससा कार्टूनमधला. नाव 'ओस्वाल्ड द लकी रॅबिट'. वय वर्षं ७८. पडद्यावरचं शेवटचं काम १९४३ सालचं. २००६ मध्ये रस्त्यावरच्या शंभर अमेरिकन माणसांना थांबवून विचारलं असतं, तर दोघांनीही त्याला ओळखलं असतं की नाही, शंकाच आहे.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली ती 'जगातले विचित्र सौदे' छापाच्या एका यादीत. तिथे ती दोन ओळींत उरकली होती आणि खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस होता. हसू मलाही आलं. पण यादी बंद केल्यावर डोक्यात एक प्रश्न राहिला. हजारो पात्रं बाळगून असलेल्या डिस्नेला (ईएसपीएन ही डिस्नेचीच वाहिनी) हा एक मरतुकडा ससा कशाला हवा होता? आणि हवा होता, तर तो शत्रूच्या गोठ्यात गेला कसा? त्याचं उत्तर शोधता शोधता मी ज्या ठिकाणी पोचलो, तिथे इमोजी फारसे उपयोगाचे नाहीत.

आधी माणसाबद्दल.

अल मायकल्स म्हणजे अमेरिकन क्रीडा समालोचनातलं फार मोठं नाव. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, लेक प्लॅसिडला, कॉलेजच्या पोरांच्या अमेरिकन आइस हॉकी संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला हरवलं. शेवटचे काही सेकंद उरलेले असताना मायकल्सने प्रेक्षकांना विचारलं, चमत्कारांवर विश्वास आहे का तुमचा? आणि स्वतःच ओरडून उत्तर दिलं, आहे! अमेरिकेत हे वाक्य आजही शाळकरी मुलांना पाठ असतं. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सामना सुरू होण्याच्या बेतात असताना भूकंप झाला. तेव्हाही मायक्रोफोनपुढे हाच होता. जमीन हलायची थांबल्यावर खेळाच्या समालोचकाचा तो थेट बातमीदार झाला. १९८६ पासून सलग वीस हंगाम त्याने एबीसीवर 'मंडे नाइट फुटबॉल' केलं. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे ज्यात पायापेक्षा हाताचंच काम जास्त असतं तो. सोमवारी रात्री देशाने एकत्र बसून बघायचा सामना, असा त्या कार्यक्रमाचा १९७० पासूनचा थाट होता.

एबीसीसुद्धा डिस्नेच्याच घरातली. मग घरातला माणूस बाहेर का निघाला? कारण घरातलं फर्निचर हललं होतं. २००५ च्या एप्रिलमध्ये फुटबॉल लीगने प्रक्षेपणाचे नवे करार केले. सोमवारचा सामना एबीसीकडून केबलवरच्या ईएसपीएनकडे गेला, वर्षाला १.१ अब्ज डॉलरला. रविवार रात्रीचा सामना एनबीसीला मिळाला, वर्षाला ६० कोटी डॉलरला. आकडे पाहून सोमवार भारी वाटेल, पण मेख वेगळीच होती. लीगचा मानाचा सामना आता रविवारचा होणार होता, आणि हंगामाच्या उत्तरार्धात चांगल्यातला चांगला सामना उचलून रविवार रात्रीत बसवायची सोयही ठेवली होती. ईएसपीएनने जास्त पैसे मोजले आणि वाट्याला आलेला सामना दुय्यम झाला. मायकल्सचा जोडीदार जॉन मॅडन याने लगेच एनबीसीशी करार केला. मायकल्सने आधी ईएसपीएनसोबत राहायचं कबूल केलं होतं. पण मग त्याचं मन तिथे रमेना. मॅडन तिकडे, मोठा सामना तिकडे, आपण इकडे काय करतोय?

५ फेब्रुवारी २००६ ला डेट्रॉइटमध्ये सुपर बोल झाला. एबीसीवर मायकल्स-मॅडन जोडीचा तो शेवटचा सामना. त्यानंतर चारच दिवसांनी सशाची बातमी आली.

अमेरिकन खेळांत 'ट्रेड' ही रोजची गोष्ट. एका संघाचा खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचा, बदल्यात दुसरा खेळाडू, पैसा किंवा पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडायचा हक्क घ्यायचा. आयपीएलमुळे हे आपल्याला आता नवं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला तेव्हा घराघरांत या सौद्याचा हिशोब झाला होता. पण समालोचकाचा ट्रेड? त्यालाही एक पूर्वज आहे. १९४८ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाला अटलांटाचा रेडिओ समालोचक अर्नी हार्वेल हवा होता. अटलांटाच्या संघाने बदल्यात मागितला क्लिफ डॅपर नावाचा कॅचर. सौदा झाला. डॅपर मोठ्या लीगमध्ये उभ्या आयुष्यात फक्त आठ सामने खेळला. हार्वेल पुढे डेट्रॉइटचा आवाज झाला आणि अर्धशतकाहून जास्त काळ बोलत राहिला. तेव्हाही कुणाला वाटलं असेल, एका बोलघेवड्यासाठी अख्खा खेळाडू दिला! आवळा कुठला आणि कोहळा कुठला, हे सौद्याच्या दिवशी सहसा कळत नाही.

मायकल्सने स्वतः ही चेष्टा हसून घेतली. नुकतंच कॅन्सस सिटीच्या फुटबॉल संघाने न्यूयॉर्क जेट्सचा प्रशिक्षक घेऊन बदल्यात चौथ्या फेरीतली एक निवड दिली होती. त्यावरून तो म्हणाला की ओस्वाल्डची किंमत चौथ्या फेरीतल्या निवडीपेक्षा नक्कीच जास्त आहे, आणि आपण एक दिवस प्रश्नमंजुषेतलं उत्तर होणार.

आता सशाकडे.

१९२७ साल. वॉल्ट डिस्ने पंचविशीतला पोरगा. थोरला भाऊ रॉय हिशोब सांभाळायचा आणि लॉस एंजेलिसच्या हायपेरियन अव्हेन्यूवर त्यांचा छोटासा स्टुडिओ होता. त्यांचा वितरक चार्ल्स मिन्ट्झ. धंदा खरं तर मिन्ट्झच्या बायकोचा, मार्गारेट विंकलरचा. कार्टूनच्या वितरणात तिने आधीच नाव कमावलं होतं. लग्नानंतर कारभार नवऱ्याच्या हाती गेला. युनिव्हर्सल कंपनीला एक कार्टून मालिका हवी होती. फेलिक्स आणि त्याची नक्कल करणाऱ्या मांजरांनी बाजार भरलेला असल्यामुळे मांजर नको होतं. डिस्ने आणि त्याचा जुना मित्र, विलक्षण वेगाने चित्रं काढणारा अब आयवर्क्स, यांनी ससा काढला. पहिला लघुपट 'पुअर पापा' नापसंत झाला. ससा म्हातारा आणि ढेरपोट्या दिसतो म्हणे. मग त्यांनी तो तरुण, सडपातळ आणि खोडकर केला. ५ सप्टेंबर १९२७ ला 'ट्रॉली ट्रबल्स' आला आणि ओस्वाल्ड चालला.

यूट्यूबवर तो बघा, मूकपट आहे, सहाएक मिनिटांचा. ट्राम चालवणारा ससा चढ आला की हतबल होतो, उतार आला की बेभान. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे, की त्याचं शरीर म्हणजे हत्यारांची पेटी आहे. हातपाय सुटे करता येतात, पुन्हा बसवता येतात. स्वतःचाच पाय काढून शुभशकुन म्हणून तो अंगावर घासतो, कारण सशाचा पाय तिकडे भाग्याचा मानतात. आणि आणखी एक गोष्ट तुमच्या लगेच लक्षात येईल. याचे लांब कान झाकून फक्त चेहरा पाहा. अर्धी चड्डी पाहा. हा प्राणी तुम्ही लहानपणी दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, कंपासपेटीवर पाहिलेला आहे.

ओस्वाल्डच्या नावाने चॉकलेट निघालं, बिल्ले निघाले. त्यातला पैसा डिस्नेला मिळाला नाही. तरी तो खूश होता, जाहिरात तर होते ना!

१९२८ च्या फेब्रुवारीत वॉल्ट आणि त्याची बायको लिलियन रेल्वेने न्यूयॉर्कला गेले. मालिका चांगली चालली आहे तर पुढच्या करारात दर वाढवून मिळावा, एवढीच अपेक्षा. मिन्ट्झने दर वाढवला नाहीच, उलट कमी सांगितला. आणि वर हेही सांगितलं, की पटत नसेल तर तुझ्याशिवाय आमचं चालेल. कारण तुझी माणसं आम्ही आधीच करारबद्ध केलेली आहेत.

हे खरं होतं. मिन्ट्झचा मेहुणा जॉर्ज विंकलर महिनोन् महिने हायपेरियनच्या स्टुडिओत येऊन जाऊन होता, तयार रिळं न्यायच्या निमित्ताने. तेवढ्यात त्याने बहुतेक सगळ्या चित्रकारांशी बोलणी केली. आयवर्क्सला कुणकुण लागली होती आणि त्याने वॉल्टला सांगितलंही होतं. वॉल्टचा विश्वास बसला नाही. आता तो धावत युनिव्हर्सलकडे गेला, तेव्हा त्याने कधी नीट न वाचलेली ओळ समोर आली. ओस्वाल्डची मालकी वितरकाची आणि युनिव्हर्सलची. ज्याने काढला त्याची नाही.

छोट्याशा स्टुडिओत दिवसरात्र घासून केलेले २६ लघुपट. त्यातला एकही त्याचा नव्हता, ससा त्याचा नव्हता, आणि सोबत काम करणारी बहुतेक माणसंही आता त्याची नव्हती. आयवर्क्स मात्र राहिला. वॉल्टने मिन्ट्झचा प्रस्ताव नाकारला आणि तो परतीच्या गाडीत बसला.

या परतीच्या प्रवासाची दंतकथा सर्वांना माहीत आहे. धावत्या गाडीत वॉल्टला उंदीर सुचला, त्याने नाव ठेवलं मॉर्टिमर, लिलियन म्हणाली हे फार जड नाव आहे, मिकी ठेव. वॉल्टने ही गोष्ट आयुष्यभर इतक्या वेळा आणि इतक्या रंगवून सांगितली, की खरं-खोटं वेगळं करणं अवघड आहे. मला ती गोष्ट जरा जास्तच गुळगुळीत वाटते. उंदीर कागदावर उतरवला तो आयवर्क्सने, आणि तोही चोरून. कारण कराराप्रमाणे उरलेले ओस्वाल्डपट पूर्ण करायचे होते, आणि सोडून जाणारे चित्रकार अजून त्याच खोलीत बसत होते. ते एका बाजूला ससा काढतायत, आणि दुसरीकडे दाराआड आयवर्क्स उंदीर काढतोय, हे चित्र मला रेल्वेच्या डब्यापेक्षा जास्त खरं वाटतं. उंदराने सशाचा चेहरा घेतला, चड्डी घेतली, कान तेवढे गोल झाले. १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये 'स्टीमबोट विली' लागला, चित्राबरोबर आवाज घेऊन. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मिन्ट्झला डाव फळला नाही. त्याने डिस्नेकडून माणसं फोडली, तर १९२९ मध्ये युनिव्हर्सलच्या कार्ल लेमलीने ससा त्याच्याकडून काढून घेतला आणि वॉल्टर लँट्झ या दुसऱ्याच चित्रकाराला दिला. फुटून गेलेल्यांपैकी ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग यांनी वॉर्नर ब्रदर्सकडे 'लूनी ट्यून्स' सुरू केलं. दहा वर्षांनी त्याच कारखान्यातून बग्ज बनी बाहेर पडला. म्हणजे डिस्नेच्या हातून गेलेल्या सशाच्या वाटेने जगातला सर्वांत प्रसिद्ध ससा आला, तोही प्रतिस्पर्ध्याकडे.

न्यूयॉर्कमध्ये वॉल्ट डिस्ने एक धडा शिकला. आपण जे करू ते आपल्या मालकीचं असलं पाहिजे. चरित्रकार इथे सहसा टाळ्या वाजवतात. मला मात्र पुढचं पान उलटावंसं वाटतं. कारण हा धडा त्याने अर्धाच घेतला असं मला दिसतं. 'निर्मिती करणाऱ्याची मालकी असावी' आणि 'मालकी माझी असावी' या दोन वाक्यांत फरक आहे, आणि तो फरक पुढे अनेकांना भोवला. १९३० मध्ये आयवर्क्स निघून गेला. मिकी काढणारा हात त्याचा होता, पण जगाला नाव एकच माहीत होतं. (दहा वर्षांनी तो परत आला, पण चित्रकार म्हणून नाही, तर तंत्रज्ञ म्हणून.) 'स्नो व्हाईट'च्या यशानंतरही चित्रकारांच्या पगारातली तफावत आणि पडद्यावर नावं न येणं ही खदखद राहिली. १९४१ च्या मे महिन्यात शेकडो कर्मचारी स्टुडिओच्या फाटकाबाहेर फलक घेऊन उभे राहिले. संपाच्या पुढाऱ्यांत आर्ट बॅबिट होता, कंपनीतल्या उत्तम अ‍ॅनिमेटरांपैकी एक. युनियनच्या कामावरून त्याला कामावरून काढलं होतं. वॉल्टने हा संप वैयक्तिक विश्वासघात मानला. पुन्हा एकदा माझी माणसं फुटली, अशी १९२८ ची जखम त्याला तेव्हा भळभळताना दिसली असेल. फाटकाबाहेरच्या माणसांना तेरा वर्षांपूर्वीचा न्यूयॉर्कमधला वॉल्ट दिसला असेल का, कोण जाणे.

इकडे ओस्वाल्ड. मराठीत ससेहोलपट असा एक नेमका शब्द आहे, तो या सशासाठीच घडवलाय असं वाटावं इतका त्याला लागू पडतो. लँट्झने त्याला काही वर्षं चालवलं, मध्येच काळ्याचा पांढरा केला, गोंडस केला, आणि होता तो खट्याळपणा गेला. १९३८ मध्ये मालिका थांबली. १९४३ मध्ये एका लघुपटात शेवटचं दर्शन, मग कॉमिक्सची पानं, मग काहीच नाही. लँट्झकडे १९४० पासून वुडी वुडपेकर होता, सशाची गरज उरली नव्हती. पण मालकी हक्क कपाटात राहतात, आणि कपाट विकलं की तेही विकले जातात. १९६२ मध्ये युनिव्हर्सल एमसीएने घेतली. १९९० मध्ये एमसीए घेतली मात्सुशिताने, म्हणजे पॅनासोनिकचे टीव्ही बनवणाऱ्या जपानी कंपनीने. १९९५ मध्ये सीग्रामने, म्हणजे व्हिस्की बनवणाऱ्या कॅनडाच्या कंपनीने. २००० मध्ये विवेंदीने. हिचा जन्म फ्रान्समध्ये नळपाणीपुरवठा करणारी कंपनी म्हणून झाला होता. २००४ मध्ये युनिव्हर्सल एनबीसीत मिसळली, आणि एनबीसीची मालकी जनरल इलेक्ट्रिककडे. विजेचे दिवे, फ्रिज, विमानाची इंजिनं आणि एक ससा. यातल्या किती मालकांना आपल्याकडे तो आहे हे ठाऊक असेल?

तो कुठे आहे हे एका माणसाला मात्र ठाऊक होतं. बॉब आयगर २००५ च्या ऑक्टोबरात डिस्नेचा प्रमुख झाला. त्याने वॉल्टची मुलगी डायान डिस्ने मिलर हिला सांगितलं होतं, की ओस्वाल्डला घरी आणायचं माझ्या मनात आहे. आयगरची उमेदीची वर्षं एबीसीच्या क्रीडा विभागात गेली होती, मायकल्सला तो जवळून ओळखत होता. दोन्ही टोकं त्याच्याच हातात होती. मायकल्सला जायचंय, एनबीसीला तो हवाय, आणि एनबीसीच्या बहिणीच्या कपाटात ससा आहे.

याला मी निव्वळ हळवेपणा म्हणणार नाही. आयगरला आधीच्या प्रमुखाकडून भांडण वारशात मिळालं होतं. वॉल्टचा पुतण्या रॉय ई. डिस्ने याने २००३ मध्ये संचालकपद सोडून 'डिस्ने वाचवा' अशी जाहीर मोहीमच काढली होती. कंपनीचा आत्मा म्हणजे अ‍ॅनिमेशन आणि तोच हरवलाय, असं त्याचं म्हणणं. २४ जानेवारी २००६ ला आयगरने पिक्सार ७.४ अब्ज डॉलरला घ्यायची घोषणा केली. त्यानंतर सोळा दिवसांनी ससा. पहिली खरेदी भविष्यासाठी, दुसरी भूतकाळासाठी. दुसरी फारच स्वस्त पडली, आणि तिने घराण्याची मनं जिंकली. करार मोडून जाऊ पाहणाऱ्या समालोचकाला कोर्टात खेचून ती जिंकता आली नसती.

मग सौद्यात फसलं कोण? एनबीसीने दिला पडीक माल. मायकल्स मिळाला, आणि 'संडे नाइट फुटबॉल' २०११-१२ पासून पुढे वर्षानुवर्षं अमेरिकेत रात्रीच्या वेळातला सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम ठरला. ईएसपीएनने दिला असा माणूस, जो मनाने आधीच निघून गेला होता. सोमवारच्या सामन्यासाठी त्यांनी माइक टिरिकोला बसवलं. गंमत अशी, की २०१६ मध्ये टिरिकोही एनबीसीत गेला, आणि २०२२ मध्ये मायकल्सच्याच खुर्चीत बसला. त्या वेळी बदल्यात कुणी ससा दिला नाही. नगाला नग मोजला तर दोघांनीही स्वतःला नको असलेली वस्तू देऊन हवी ती घेतली. असे सौदे क्वचित होतात.

पण सौदा शक्य कशामुळे झाला, हे मी जसजसं खोदत गेलो तसतशी मला त्यात एक काळी गंमत दिसायला लागली. जुन्या अमेरिकन कायद्याने १९२७ च्या चित्रपटावरचा हक्क ७५ वर्षं टिकायचा. म्हणजे 'ट्रॉली ट्रबल्स' २००२ च्या अखेरीस सर्वांसाठी मोकळा झाला असता. १९९८ मध्ये अमेरिकन संसदेने ही मुदत ९५ वर्षांवर नेली. त्या कायद्यासाठी डिस्नेने इतका जोर लावला होता, की लोकांनी त्याचं नावच 'मिकी माऊस संरक्षण कायदा' ठेवलं. मिकीवर ताणलेली ती छत्री शेजारच्या कपाटातल्या सशावरही आली. डिस्नेने आपला उंदीर राखण्यासाठी जी धडपड केली, तिच्यामुळेच प्रतिस्पर्ध्याकडचे १९२७ चे ते ओस्वाल्डपट त्याच्याच मालकीत राहिले, आणि मग डिस्नेला ते सोडवून आणावे लागले.

घरी आल्यावर ओस्वाल्डचं बरं चाललं. २००७ च्या डिसेंबरात उपलब्ध लघुपटांची डीव्हीडी निघाली. २०१० मध्ये 'एपिक मिकी' या व्हिडिओगेममध्ये त्याला भूमिका मिळाली, आणि ती लिहिणाऱ्याने मर्म अचूक पकडलं होतं. विसरलेल्या पात्रांच्या नगरीत राहणारा, मिकीवर जळणारा थोरला भाऊ. कॅलिफोर्नियातल्या डिस्ने पार्कात त्याच्या नावाचं दुकान निघालं, लांब कानांच्या टोप्या विकायला आल्या.

'उपलब्ध' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. सौद्यात २६ लघुपटांचे हक्क मिळाले, पण हक्क मिळणं वेगळं आणि फिल्म हाती असणं वेगळं. अनेकांच्या प्रती कुठेच नव्हत्या. त्या काळची रिळं ज्वालाग्राही नायट्रेटची, जळायची, सडायची, आतल्या चांदीसाठी वितळवलीही जायची. मालक एवढे बदलले, पण डबे उघडून बघायची कुणाला पडली होती? हरवलेले ससे सापडले ते भलत्याच ठिकाणी. 'हंग्री होबोज' २०११ मध्ये इंग्लंडमधल्या एका फिल्म संग्रहात. 'स्ले बेल्स' २०१५ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या भांडारात. 'नेक अँड नेक'चा तुकडा २०१८ मध्ये जपानमध्ये, एका वृद्ध अभ्यासकाच्या घरी. शाळकरी वयात त्याने ती छोटी फिल्म ५०० येनला विकत घेतली होती आणि जपून ठेवली होती. सगळे करार, सगळे वकील, एकामागून एक आलेल्या महाकाय कंपन्या एकीकडे. ससा प्रत्यक्षात जिवंत ठेवला तो काही भांडारपालांनी आणि खाऊचे पैसे मोजणाऱ्या एका पोराने. त्यांच्यापैकी कुणाच्याही नावावर तो कधी नव्हता.

१ डिसेंबर २०२२ ला डिस्नेने ओस्वाल्डचा एक नवा, मिनिटभराचा, हाताने काढलेला लघुपट प्रसिद्ध केला. १९२८ नंतर कंपनीने केलेला त्याचा हा पहिलाच. बरोबर महिनाभराने, १ जानेवारी २०२३ ला, ९५ वर्षं भरली आणि १९२७ चा ओस्वाल्ड सर्वांचा झाला. नावाचा ट्रेडमार्क डिस्नेकडे आहे, पण ट्राम चालवणारा तो ससा आता तुम्ही, मी, कुणीही आपल्या कार्टूनमध्ये घेऊ शकतो. पुढच्या वर्षी 'स्टीमबोट विली'तला मिकी त्याच्या मागोमाग मोकळा झाला.

मिकी मोकळा झाला त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात, पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी, एनबीसीने आपल्या पीकॉक अ‍ॅपवर एक नवी सोय दिली. आपलं नाव आणि आवडते खेळ भरायचे, की रोज सकाळी अल मायकल्सचा आवाज नावाने हाक मारून कालच्या स्पर्धांचा वृत्तांत सांगणार. जुन्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता तो आवाज तयार करत होती. सुमारे ७० लाख वेगवेगळे वृत्तांत त्यातून निघू शकतील, असा कंपनीचा अंदाज होता. मायकल्स तेव्हा ७९ वर्षांचा होता. त्याला आधी नमुना ऐकवला गेला. आपण थक्क झालो आणि जरा घाबरलोही, असं त्याने नंतर सांगितलं. मग त्याने होकार दिला. त्या वृत्तांतांमधलं एकही वाक्य तो स्वतः बोललेला नव्हता.